पार्थिव मूर्ती, जिप्सम आणि आपली काळी आई



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या विहिरीचा गाळ काढला. तळच्या चिखलातून गणपतीची सोंड आणि दोन हात जसेच्या तसे वर आले. दोर ओढणारी पोरं गप्पच झाली. ती मूर्ती आणणाऱ्या मंडळात मीही होतो, म्हणून मान खाली घालावी लागली. पुढे पेणला जाण्याचा योग आला, तेव्हा मुद्दाम जोहे गावी गेलो.

जोहे आणि हमरापूर ही गणपतींची गावे. इथल्या मूर्ती परदेशातही जातात. एका कारखान्यात शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्ती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. कारागीर म्हणाले, "साहेब, शाडू वाळायला वेळ लागतो, वजनाला जड, वाटेत मोडते. प्लास्टर साच्यात ओतलं की लगेच घट्ट. गिऱ्हाईक हलकी नि स्वस्त मूर्ती मागतं, आम्ही तरी काय करणार?" खरे आहे. दोष एकट्या कारागिराचा नाही, मागणाऱ्यांचाही आहे.

आता शास्त्र पाहू. शाडू ही न भाजलेली चिकणमाती. पाण्यात तिचे कण सुटतात व तळाशी बसतात. प्लास्टर म्हणजे जिप्सम सुमारे १५० अंशांवर तापवून बरेचसे पाणी उडवलेली भुकटी. पाणी मिळताच तिचे पुन्हा जिप्सम होऊन ते दगडासारखे बसते. कोणी विचारील, "चोपण रानाला आपण जिप्समच देतो, मग बिघडले कुठे?" रानात आपण भुकटी मिसळतो. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे घट्ट गोळा गाळात तसाच पडून राहतो. शिवाय रासायनिक रंगांत शिशासारखे जड धातू असू शकतात. म्हणून अशा मूर्तीचा चुरा रानातही टाकू नये.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर तोड काढली आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती ठेवली की खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो व वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते. अमोनियम सल्फेट आपल्याला खत म्हणून ठाऊकच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनविण्यास व विकण्यास मुभा दिली, पण न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयात विसर्जन करू नये असे सांगितले.

आपल्याकडे गणेशचतुर्थीच्या मूर्तीला 'पार्थिव' म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा. मातीत देवाचे आवाहन करायचे, पूजा करायची, आणि माती जिथली तिथे परत द्यायची. बेंदराचे मातीचे बैलही असेच. उसने घेतले ते परत करावे, हे वाडवडिलांनी जाणले. शास्त्र त्यालाच अन्नद्रव्यांचे चक्र म्हणते. शब्द निराळे, गोष्ट एकच.

मग आपल्या उसाचे काय? काळी आई म्हणून बांधावर नारळ फोडायचा आणि तोड संपताच पाचटाला काडी लावायची, हे बरे दिसत नाही. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की त्यातला कर्ब व नत्र धुरावाटे जातो आणि वरच्या थरातले जिवाणूही होरपळतात. त्याऐवजी पाचट सरीत दाबावे. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे. हेही विसर्जनच, आणि पार्थिवही.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. खोडव्याचे पाचट जाळू नये. आणि गावच्या मंडळाने शाडूची मूर्ती पावसाळ्याआधीच सांगून ठेवावी, म्हणजे कारागिराला ती वाळवायला उन्हाचे दिवस मिळतील. आमच्या मंडळाने या वर्षीची मूर्ती तशी सांगितली आहे. लहान आहे, पण पुन्हा गाळ काढताना मान खाली घालावी लागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी