हाताला कौशल्य, श्रमाला प्रतिष्ठा : छंद म्हणून चर्मकला

मीरा-भाईंदर म्हटले की मिठागरे, उत्तनची मासेमारी आणि भाईंदरचे स्टील भांड्यांचे कारखाने आठवतात. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली. येथील मोठा वर्ग रोज लोकलने मुंबईला जाणारा नोकरदार आहे. लहान घर आणि मोजका मोकळा वेळ या दोन मर्यादांत बसेल असा छंद त्याला हवा असतो. खिडकीजवळचे एक मेज आणि दहा-बारा अवजारे एवढ्यावर शिकता येणारी चर्मकला हा असा एक छंद होय. मात्र इतर छंदांहून तो एका बाबतीत वेगळा आहे. ज्या कामाला समाजाने शतकानुशतके हलके लेखले आणि एका जातीशी जखडून ठेवले, ते काम स्वेच्छेने हाती घेणे यात एक सामाजिक अर्थही आहे.

श्रमशिक्षणाची परंपरा

महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना चपला बनविण्याची कला आत्मसात केली आणि तुरुंगात स्वतः तयार केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. पुढे १९३७ साली वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडला गेला. त्यानंतर नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने सूतकताई-विणकाम, सुतारकाम व शेती यांच्याबरोबर चर्मकामाचाही मूलोद्योगांत समावेश केला. वर्ध्याजवळील नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर यांनी मृत जनावरांच्या कातड्यावर प्रक्रिया करण्याचे काम उभे केले. चर्मकामाला विद्येचा दर्जा देण्याचा विचार महाराष्ट्रातच अशा रीतीने रुजला होता.

चामड्याची पारख

चर्मकलेचा पहिला धडा कच्च्या मालाचा. कातडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांत कमावलेले चामडे ताठ, तांबूस-बदामी असते. ओले केले की ते वळते, त्यावर ठसा उठतो आणि कडा घोटता येतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ व पाण्याला अधिक टिकणारे असते, पण त्यावर नक्षी उमटत नाही. कापलेल्या कडेत निळसर-करड्या रंगाची रेघ दिसली तर ते बहुधा क्रोमचे समजावे. नवशिक्याने वनस्पतिज चामड्यापासून प्रारंभ करणे हिताचे.

माल मिळविण्यासाठी भाईंदरहून दूर जावे लागत नाही. येथे धारावी म्हणताच उत्तन परिसरातील धारावी किल्ला आठवेल. परंतु चामड्याची बाजारपेठ आहे ती मुंबईतील धारावीत. एकोणिसाव्या शतकापासून तेथे हा व्यवसाय वाढला, आणि माहीम स्थानकात उतरून तेथे पोहोचता येते. छोट्या वस्तूंना लागणारे चामड्याचे तुकडे मोठ्या कारखान्यांच्या कापातून उरतात व वजनावर मिळू शकतात. २०१५ च्या कायदेदुरुस्तीने राज्यात गायींबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आहे. म्हणून म्हशीचे किंवा शेळीचे चामडे पक्की पावती घेऊन विकत घ्यावे.

अवजारे आणि शिवण

आरंभी महागड्या संचाची गरज नाही. कापण्यासाठी व कडा पातळ तासण्यासाठी रापी, भोके पाडण्यासाठी आरी व पंच, रेघ आखण्यासाठी कर्काटक, पोलादी पट्टी, गुण्या, लाकडी हातोडा, दोन बोथट सुया, मेण लावलेला जाड दोरा आणि खाली ठेवण्यास गुळगुळीत दगडी फरशी एवढे पुरते. इमारतीत राहणाऱ्याने फरशीखाली जाड रबरी चटई अंथरली तर ठोकण्याचा त्रास शेजाऱ्यांना होत नाही. रापीला सतत धार हवी. बोथट रापीवर जोर द्यावा लागतो आणि ती निसटून हाताला इजा करते.

हाताची शिवण दोन सुयांची असते. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून नेतात. शिलाई यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात; एक तुटला की शिवण उसवू लागते. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका झिजला तरी दुसरी बाजू पकड सोडत नाही. कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत रेघ आखून सुमारे चार मिलिमीटरवर भोके पाडावीत. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा.

रंगकाम

रंग देण्यापूर्वी चामडे ओलसर फडक्याने पुसावे. त्यामुळे रंग सारखा शोषला जातो. पाण्यातील वा स्पिरिटमधील रंग कापडाच्या बोळ्याने गोलाकार हात फिरवीत लावावा. एकच गडद हात देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर वस्तू सावलीत वाळवावी. उन्हात वाळविलेले चामडे आखडते व तडकते. स्पिरिटचा रंग वापरताना हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ विस्तव नसावा.

काळ्या रंगाची जुनी रीत शिक्षकांना वर्गात दाखविण्याजोगी आहे. लोखंडाचा कीस काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवला की जो द्राव तयार होतो, तो वनस्पतिज चामड्यावर लावताच चामड्यातील टॅनिनशी त्याचा संयोग होऊन चामडे काळे पडते. हा रंग आतपर्यंत मुरतो. हिरड्याच्या शाईमागे हेच रसायनशास्त्र आहे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने आम्लता घालवावी, चामडे वाळू द्यावे आणि तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. कडा किंचित ओल्या करून लाकडाने घोटाव्यात व शेवटी मधमाश्यांचे मेण चोळावे.

सोप्याकडून अवघडाकडे

पहिली वस्तू किल्लीचा पट्टा किंवा पुस्तकखूण असावी. सरळ कापणे व कड घोटणे त्यात साधते. दुसरी वस्तू ओळखपत्राचे पाकीट. रोज लोकलमध्ये लागणाऱ्या पत्राचे माप सुमारे ८६ बाय ५४ मिलिमीटर असते. शिवण व चामड्याची जाडी यांसाठी सर्व बाजूंनी जागा सोडून प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापावा. त्यानंतर चष्म्याचे घर, मग कमरेचा पट्टा. पट्ट्यास तीन-चार मिलिमीटर जाड चामडे लागते. चप्पल सर्वांत शेवटी, कारण तिला शरीराचे वजन पेलावयाचे असते.

खाडी व समुद्र यांमध्ये वसलेल्या या शहराच्या दमट पावसाळ्यात चामड्यावर बुरशी चढते. वस्तू प्लॅस्टिकमध्ये बंद न करता सुती कापडात, हवेशीर जागी ठेवावी व अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावी. क्रोमच्या चामड्याचे तुकडे जाळू नयेत. त्यातून घातक क्रोमियम संयुगे निर्माण होऊ शकतात.

कारागिराचे नाव, कारागिराचा मान

चप्पल करावयास शिकलेल्या हौशी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. घरी केलेली चप्पल स्वतः वापरण्यास हरकत नाही. पण ती ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणे म्हणजे या जिल्ह्यांतील कारागिरांच्या हक्कावर अतिक्रमण होय. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे तशाच घडणीच्या चपला मूळ न सांगता सादर केल्या. त्यावर देशभर नाराजी उमटली आणि या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

चर्मकार समाजाच्या उन्नतीसाठी १९७४ पासून चर्मोद्योग विकास महामंडळ कार्यरत असून आज ते संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाते. छंदाच्या रूपाने शाळा, ग्रंथालये व पंचायती या प्रयत्नांस हातभार लावू शकतात. कार्यानुभवाच्या तासाला किंवा सुटीतील शिबिरात चर्मकला शिकवावयाची असेल, तर परिसरातील अनुभवी कारागिरास बोलवावे, त्याला ‘गुरुजी’ म्हणून मान द्यावा आणि योग्य मानधनही द्यावे. स्वतः बारा टाके सरळ घालून पाहिलेला विद्यार्थी चपलेची किंमत करताना कारागिराच्या हातांची किंमत विसरणार नाही. छंदातून ही जाण आली, तर शिकणाऱ्याच्या हाताला कौशल्य लाभेल आणि त्या कौशल्याच्या मूळ धन्याला त्याची दीर्घकाळ नाकारलेली प्रतिष्ठा मिळेल.