आधीं प्रश्न, मग पदवी

मुलगा अथवा मुलगी बी. कॉम. किंवा बी. बी. ए. च्या वर्गांत दाखल झाली, कीं घरांतील वडील मंडळींच्या दृष्टीपुढें पुढचे तीन मार्ग जणूं आंखलेलेच असतात : चार्टर्ड अकौंटंटची परीक्षा, एम. बी. ए. ची पदवी, नाहीं तर एखाद्या बँकेंतली नोकरी. हे तिन्ही मार्ग चांगले आहेत. त्यांनीं पुष्कळ कुटुंबांना स्थैर्य दिलें आहे. परंतु याच वर्गांतून एक चौथा मार्गहि निघतो आणि त्याची वार्ता आपल्या घरांतून क्वचितच ऐकूं येते. व्यवसाय व व्यवस्थापन या विषयांत पीएच. डी. मिळवून संशोधन व अध्यापन हेंच आयुष्याचें कार्य करणें, हा तो मार्ग होय.

ज्यांच्या स्वभावाला हा मार्ग मानवला असता, अशा पुष्कळांना तो फार उशिरां दिसतो. तोंपर्यंत गणित सुटून सात-आठ वर्षें झालेली असतात. ज्यांनीं शिफारस करावी ते अध्यापक नांवहि विसरलेले असतात. आणि संसाराची जबाबदारी अंगावर आलेली असते. म्हणून ही तयारी पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच कां करावी, कशी करावी आणि तींत घरच्या मंडळींचा वांटा कोणता, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हा अभ्यास कशाचा?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पीएच. डी. म्हणजे एम. बी. ए. च्या वरची पायरी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाहीं. जें ज्ञान सिद्ध झालें आहे तें कारभारांत कसें वापरावें, हें एम. बी. ए. मध्यें शिकवितात, जें अद्याप कोणालाच ठाऊक नाहीं तें कसें शोधून काढावें, हें पीएच. डी. मध्यें शिकावयाचें असतें. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत एम. बी. ए. वांचून, पदवीनंतर थेट, या अभ्यासक्रमांत प्रवेश मिळूं शकतो, याचें कारण हेंच.

एक उदाहरण घेऊं. मुंबईच्या उत्तरेस तारापूर व उंबरगांव येथें कापड विणण्याचे कारखाने आहेत. "व्यवस्था सुधारली तर धंदा खरोखर सुधारतो का?" असा साधा दिसणारा प्रश्न घेऊन निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी संशोधक या कारखान्यांकडे आले. व्यवस्थित कारखाने अधिक नफा करतात हें कोणालाहि दिसतें. पण व्यवस्थेमुळें नफा झाला, कीं नफा असल्यामुळें व्यवस्था ठेवणें परवडलें, हें नुसत्या पाहण्यानें कळत नाहीं. म्हणून त्यांनीं १७ कंपन्यांचे २८ कारखाने अभ्यासासाठीं घेतले. प्रयोगांतील कारखान्यांची विभागणी, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें, केवळ दैवावर सोंपविली. एका गटाला पांच महिने तज्ज्ञांचें विनामूल्य साहाय्य मिळालें : यंत्रांची वेळच्या वेळीं निगा, सुताच्या सांठ्याची नोंद, कापडांतील दोषांची रोजची मोजणी, अशा गोष्टी बसवून दिल्या. दुसऱ्या गटाची एक महिना तपासणी तेवढी झाली. पहिल्याच वर्षीं पहिल्या गटाची उत्पादकता १७ टक्क्यांनीं वाढली. हा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल अशी त्यांतील दुसरी गोष्ट निराळीच आहे. हे कारखाने घराण्यांच्या मालकीचे होते. ते किती मोठे होतात, याचा निकट संबंध घरांत कामाजोगे पुरुष किती आहेत याच्याशीं असल्याचें आढळून आलें. कारण परक्या व्यवस्थापकावर अधिकार सोंपविण्यास मालक तयार नव्हते. म्हणजे एकत्र कुटुंबाची रचना ही कारखान्याच्या वाढीची मर्यादा ठरत होती! आपल्या नित्य पाहण्यांतल्या गोष्टीविषयीं असा प्रश्न विचारणें आणि त्याचें उत्तर, शंकेला जागा उरूं नये अशा रीतीनें, सिद्ध करणें, हेंच या विषयांतील संशोधकाचें काम.

ही विद्या अशी कां झाली?

व्यापाराचें शिक्षण विद्यापीठांत येऊन बराच काळ लोटला आहे. अमेरिकेंतील व्हार्टन विद्यालय १८८१ सालचें, तर मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ सालचें. परंतु प्रारंभीं तें शिक्षण बव्हंशीं धंदेशिक्षण होतें. १९५९ सालीं फोर्ड व कार्नेगी या दोन संस्थांच्या साहाय्यानें अमेरिकेंत दोन अहवाल प्रसिद्ध झाले. व्यापारविद्यालयांतील शिक्षणाचा शास्त्रीय पाया कच्चा आहे, असा दोहोंचाहि रोख होता. त्यानंतर या विद्यालयांत अर्थशास्त्रज्ञ, गणिती, मानसशास्त्रज्ञ यांना मानाचें स्थान मिळूं लागलें. आज अशा ठिकाणीं प्राध्यापक होऊं इच्छिणाऱ्याची परीक्षा मुख्यतः त्याच्या संशोधनावरून होते.

शिकविणें आणि शोधणें यांची ही जोडी महाराष्ट्राला नवी नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ सालीं सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढें लंडनला परत जाऊन रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ सालीं त्यांनीं डी. एस्‌सी. पदवी मिळविली. धनंजयराव गाडगीळ यांचा भारतीय उद्योगधंद्यांच्या विकासावरील केंब्रिज येथील प्रबंध १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघाला आणि १९३० सालीं स्थापन झालेली पुण्याची गोखले संस्था त्यांच्या नेतृत्वाखालीं वाढली. दोघांनींहि डोळ्यांपुढच्या देशस्थितींतूनच आपले प्रश्न उचलले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पदवीच्या वर्षांत काय करावें?

पहिली तयारी गणिताची. वाणिज्य शाखेंतील व्यापारी गणित या कामीं पुरत नाहीं. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र यांचा पाया पहिल्या दोन वर्षांतच घालावा. कॉलेजांत सोय नसेल तर बाहेर शिकावें. फायनान्स, अकौंटिंग यांकडे ओढा असेल त्यानें पुढें अर्थमिति व अर्थशास्त्राचे वरचे विषय घ्यावेत. माणसें कचेरींत एकत्र कशीं वागतात, गिऱ्हाईक निवड कशी करतें, असल्या प्रश्नांकडे ओढा असेल त्याला मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि प्रयोगाची आंखणी यांची जोड हवी. संख्याशास्त्रापासून मात्र कोणाचीच सुटका नाहीं. त्यासोबत 'आर' किंवा 'पायथॉन' यांपैकीं संगणकाची एक भाषा हातांत खेळावी इतकी शिकावी. दोन्ही फुकट मिळतात.

दुसरी तयारी वाचनाची. पाठ्यपुस्तकांत निष्कर्ष असतात. ते कसे निघाले हें मूळ निबंधांतच वाचावयास मिळतें. आठवड्याला एक निबंध वाचावा आणि वहींत चार ओळी टिपाव्यात : प्रश्न कोणता, आधार कोणता, उत्तर काय, आणि हें उत्तर कोठें लटकें पडूं शकेल. प्रथम दहांतले आठ निबंध डोक्यावरून जातील. तरीहि वर्षभर हा नेम पाळला तर या चौथ्या ओळींतूनच स्वतःचे प्रश्न सुचूं लागतात.

तिसरी तयारी प्रत्यक्ष कामाची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. संशोधन करणाऱ्या एखाद्या अध्यापकाकडे जाऊन त्यांच्या हाताखालीं पडेल तें काम करावें : आंकडे गोळा करणें, तपासणें, मुलाखती उतरून घेणें, आधींचे निबंध धुंडाळणें. हें काम रुक्ष असतें. एकाच तक्त्यांतील चूक शोधण्यांत आठवडा जातो. पण त्या रुक्षपणांतहि ज्याचें मन रमतें त्यानें पुढें जावें, आणि ज्याचें रमत नाहीं त्यानें कोणताहि संकोच न बाळगतां दुसरा मार्ग धरावा. पांच वर्षें घालवून जें कळावयाचें, तें अशा सहा महिन्यांत कळलें तर तो लाभच समजावा. शिकलेलें गणित व लेखन कोठेंहि वायां जात नाहीं.

या कामाचा आणखीहि एक उपयोग आहे. प्रवेशासाठीं बहुधा तीन शिफारसपत्रें लागतात. "विद्यार्थी हुशार व नम्र आहे," एवढ्यानें भागत नाहीं. या विद्यार्थ्यानें कोणती अडचण स्वतः सोडविली, हें सांगणारें पत्र हवें. आणि तें ज्यानें काम पाहिलें तोच लिहूं शकतो. जीमॅट अथवा जीआरई या परीक्षेंतील गुण, पदवीचे गुण आणि आपल्या संशोधनाच्या इच्छेचें निवेदन हींहि पाहिलीं जातात. त्या निवेदनांत लहानपणापासूनच्या आवडीचें वर्णन नको. आपल्याला कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे आणि तो या विद्यापीठांत कां, हें लिहावें. एकेका विभागांत वर्षाला बोटांवर मोजण्याइतकेच विद्यार्थी घेतात. म्हणून पदवीनंतर लगेच प्रवेश न मिळाला तर एक-दोन वर्षें पगारी संशोधन-साहाय्यक म्हणून काम करून पुन्हा अर्ज करण्याची पद्धति आतां रूढ झाली आहे.

वर्षें आणि पैसा

घरांत खरी चिंता येथें असते, आणि ती रास्त आहे. अमेरिकेंत या पदवीला साधारणतः पांच वर्षें लागतात. पहिलीं दोन अभ्यासाचीं, नंतर एक कठीण सर्वांगीण परीक्षा, आणि पुढचीं प्रबंधाचीं. चांगल्या विद्यापीठांत शिकवणीची फी माफ असते व निर्वाहापुरतें विद्यावेतनहि मिळतें. म्हणून पूर्ण वेळेच्या संशोधनात्मक पीएच. डी. साठीं घर गहाण टाकण्याची पाळी येत असेल, तर तेथेंच थांबून पुन्हा विचार करावा. नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीं फी घेऊन चालविलेले डॉक्टरेटचे अभ्यासक्रमहि आहेत. त्यांचा हेतु निराळा. नांवाच्या साम्यानें फसूं नये.

आपल्या देशांतहि सोय वाढली आहे. अहमदाबाद व कलकत्ता येथील व्यवस्थापनसंस्था १९६१ सालच्या. या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्यानें मिळाला. त्यापूर्वीं त्या 'फेलो' ही उपाधि देत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनीं मिळविणारा विद्यार्थी पीएच. डी. च्या प्रवेशास पात्र ठरतो. राखीव व दुर्बल वर्गांना गुणांत सवलत आहे. मुदत कमींत कमी ३ वर्षें व अधिकांत अधिक ६ वर्षें. आयोगाच्या कनिष्ठ संशोधन-वृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून मासिक ३७,००० रुपये झाली.

पदवी हातीं आली म्हणजे सर्व झालें असें मात्र नाहीं. अमेरिकेंत नव्या प्राध्यापकाला कायम होण्यापूर्वीं साधारण सहा-सात वर्षें कसोटीचीं असतात, आणि संशोधन अपुरें ठरलें तर ती जागा सोडावी लागते. एकेक निबंध प्रसिद्ध होण्यास वर्षें जातात. चांगल्या चांगल्यांचे निबंध परत येतात. नकार पचविण्याची संवय ज्याला नाहीं, त्याला ही वाट खडतर वाटेल.

घरच्या मंडळींस

आतां वडीलधाऱ्यांना दोन शब्द. चुलतभावानें पंचविसाव्या वर्षीं घर घेतलें आणि आपला मुलगा अजून विद्यावेतनावर आहे, अशी तुलना दिवाणखान्यांत सहज होते. ज्याच्या कामाचें फळ सहा-सहा वर्षें दिसत नाहीं, त्याच्या मनावर ती फार जड पडते. "केव्हां संपणार?" हा प्रश्न बाजूस ठेवून "सध्यां कशाचा शोध चालला आहे?" असें आजोबांनीं विचारलें, तर नातवाला दोन लाभ होतील : घराचा आधार मिळेल, आणि शास्त्रीय गोष्ट सोप्या भाषेंत सांगण्याचा सरावहि होईल. ज्याला आपला प्रश्न घरांतल्या माणसांना मराठींत समजावून देतां येत नाहीं, त्याला तो स्वतःला तरी कितपत समजला आहे, याची आम्हांस शंका वाटते.

मुलींच्या बाबतींत तर अधिक सावधपणा हवा. बाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ या अभ्यासाचा, आणि आपल्या घरांत लग्नाचा आग्रहहि याच काळांतला. मुलगा असता तर जो अवधि आनंदानें दिला असता, तोच मुलीला देतांना हात आंखडतो. वरील २०२२ च्या नियमांनींच स्त्रियांना मुदतींत दोन वर्षांची अधिक सवलत आणि प्रसूति व बालसंगोपनासाठीं एकूण २४० दिवसांपर्यंत रजा देऊं केली आहे. संसार आणि संशोधन हीं दोन्ही चालूं शकतात, हें नियम करणाऱ्यांनीं मानलें; तें घरानेंहि मानावें. स्थळ पाहतांना मुलीच्या अभ्यासाचीं उरलेलीं वर्षें आधींच स्पष्ट सांगावीं. लग्नानंतर त्याविषयीं वाद होण्यापेक्षां तें शतपटीनें बरें.

शेवटीं तरुण वाचकांस एवढेंच सांगावयाचें, कीं नांवामागें 'डॉक्टर' लागावें या हौसेनें या वाटेस जाऊं नये. ती हौस दोन वर्षांत विरते, आणि उरतात तीं लांबच लांब तिसरें, चौथें, पांचवें वर्ष. त्या वर्षांत माणसाला पुढें नेतो तो प्रश्न. तो पदवीच्या काळांतच शोधूं लागावें. आपल्या गांवची पेढी कां बुडाली, शेजारचा कारखाना दुसऱ्या पिढींत कां मोडला, सहकारी पतपेढी एका गांवीं टिकते व दुसऱ्या गांवीं कां टिकत नाहीं, असे प्रश्न आपल्या भोंवतीं विखुरलेले आहेत. ज्याला त्यांतला एक झोंपू देत नाहीं, त्यानें आजच गणिताची वही उघडावी.