पालेभाजीचे पथ्य आणि वालधुनीचे पाणी

रुग्णास पथ्य सांगताना आम्ही पालेभाजीचे नाव सहज घेतो; ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे मात्र क्वचितच विचारतो. अंबरनाथ पूर्वेच्या वैद्यांना तरी हा प्रश्न टाळता येणार नाही. येथील प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर, कल्याणमार्गे उल्हास नदीस मिळते आणि वाटेत घरगुती मैल्यासह कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेते. २०१४ साली उल्हासनगरात तिच्या पात्रात बेकायदा सोडलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला व शेकडो नागरिकांना उपचार घ्यावे लागले.

वायू नाकास तत्काळ कळतो. भाजीतील धातू कळत नाही. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे पालक, माठ, मेथी उलट अधिकच टवटवीत दिसतात. कारखान्यांच्या पाण्यातून येणारे शिसे, कॅडमियम यांसारखे धातू मात्र कुजत नाहीत. प्रत्येक पाळीगणिक ते मातीत साठत जातात. माती आम्लधर्मी असल्यास कॅडमियम अधिक विरघळते व मुळांवाटे पानांत चढते. धुण्याने पानांवरील माती व काही जंतू जातात, शिजविण्याने जंतू मरतात. परंतु पानात मुरलेला धातू राहतोच.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काल यांची दुष्टी सांगितली आहे. येथे उदक देशास बिघडविते आणि देश आहारास. अल्प मात्रेने दीर्घकाळ होणारा हा संचय पाहता दूषीविषाचे स्मरण होते. तथापि शंका आल्यास केवळ तर्कावर न थांबता रक्ततपासणी करून घ्यावी.

औषधी दुकानदारांची जबाबदारी याहून मोठी आहे. ब्राह्मी ओलसर, पाणथळ जागी वाढते व जड धातू सहज शोषून घेते. नाल्याकाठची जुडी आणि स्वच्छ पाण्यावरची जुडी दिसण्यात सारखीच. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. दशलक्ष भागांत शिसे १०, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग, ही मर्यादा ठरली. आपल्या दारी येणारा रुग्ण परदेशी ग्राहकापेक्षा कमी मोलाचा नाही.

म्हणून ओली वनस्पती घेताना संकलनाचे स्थळ व पाण्याचा स्रोत नोंदवावा, संशयित माल प्रयोगशाळेत तपासावा आणि पथ्यपत्रकावर 'पालेभाजी'पुढे 'स्वच्छ पाण्यावरची' हे दोन शब्द लिहावेत. सुश्रुताचार्यांनी औषधीसंग्रहापूर्वी भूमीची परीक्षा सांगितली आहे; त्या परीक्षेत आज पाण्याची परीक्षा आम्ही प्रथम धरतो.