भट्टीच्या आधीची घनता

पोहरादेवीचं बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुलं झालं. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीची यात्राही इथलीच. या समाजाच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या लदेणी केली, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातला. गोणी भरणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. ओतलेलं धान्य आणि ठोकून बसवलेलं धान्य यांचं माप सारखं येत नाही. काठोकाठ ओतलेली गोणी वाटेत हिंदकळते आणि खाली बसते. दाणे तेवढेच राहतात, मधली हवा तेवढी निघून जाते.

धातूच्या भुकटीपासून वस्तू छापणाऱ्या आजच्या यंत्रांना हीच हवा छळते आहे.

या छपाईचे अनेक प्रकार आहेत. आपण बोलतोय ते बाइंडर जेटिंगबद्दल. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये इमॅन्युएल सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं, पेटंट मिळालं १९९३ मध्ये. भुकटीचा पातळ थर पसरायचा, जिथे वस्तू हवी तिथे शाईच्या प्रिंटरसारख्या तोटीतून चिकट द्रव, म्हणजे बाइंडर, टाकायचा, त्यावर पुढचा थर पसरायचा. शेवटी भुकटीतून जी वस्तू निघते ती हातात धरता येते, पण जोर लागला की मोडते. कारखान्याच्या भाषेत हा ‘ग्रीन पार्ट’. तो भट्टीत जातो, आधी बाइंडर जळून निघतो, मग वितळण्याच्या जरा खालच्या तापमानाला कण एकमेकांना जुळतात. हे सिंटरिंग.

अडचण अशी, की छापलेल्या ग्रीन पार्टमध्ये धातू साधारण ५० ते ६० टक्के जागेतच असतो. बाकीची जागा बव्हंशी पोकळ. भट्टीने ती भरून काढायची म्हणजे वस्तू आकसणारच. हिशोब सोपा आहे. घनता ५५ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर न्यायची, तर १०० मिलिमीटरची बाजू सुमारे ८३ मिलिमीटर होते. सुरुवातच ६५ टक्क्यांनी केली, तर ती साडेसत्त्याऐंशीच्या आसपास थांबते.

आता तुलनेसाठी पुण्याजवळच्या पिंपरीकडे वळू. जीकेएन सिंटर मेटल्सचा कारखाना इथे आहे, पूर्वी ही कंपनी महिंद्रा सिंटर्ड होती. लोखंडाची भुकटी बनवणाऱ्या स्वीडिश होगानसचा कारखाना अहिल्यानगरला आहे. म्हणजे भुकटीपासून सुटे भाग घडवण्याचं शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. ही जुनी पद्धत म्हणजे डाय आणि पंच, म्हणजे साचा आणि त्यात भुकटी दाबणारा दट्ट्या. लोखंडाची भुकटी नुसती ओतली तर घन सेंटिमीटरला जेमतेम अडीच-तीन ग्रॅम भरते. दर चौरस सेंटिमीटरला चार ते सात टनांचा दाब दिला, की ती सात ग्रॅमपर्यंत जाते. भरीव लोखंडाची घनता ७.८६. म्हणजे भट्टीत जाण्याआधीच जवळपास ९० टक्क्यांची मजल झालेली असते आणि माप जेमतेम बदलतं. छपाईत हा दाबच नाही. दाब नाही म्हणून डाय लागत नाही, डाय नाही म्हणून हवा तो वाकडातिकडा आकार मिळतो. सोय आणि खोट एकाच ठिकाणची. २०१८ मध्ये एचपीने मेटल जेट हे आपलं बाइंडर जेटिंगचं यंत्र जाहीर केलं, तेव्हा भागीदारांत जीकेएनच्या पावडर मेटलर्जी व्यवसायाचं नाव होतं. दाबाचं गणित कोळून प्यायलेले लोक बिनदाबाच्या यंत्राकडे वळले, हे मला सूचक वाटतं.

मग दाब न देता भुकटी दाट कशी बसवायची? सारख्या आकाराचे गोळे भांड्यात ओतून कितीही हलवा, ६४ टक्क्यांच्या वर ते सहसा जात नाहीत. १९६० च्या सुमारास जी. डी. स्कॉट यांनी बेअरिंगच्या छऱ्यांवर प्रयोग करून हा आकडा काढला. ही मर्यादा ओलांडायची तर गोळे सारखे असून चालत नाही. मोठ्या कणांच्या फटीत लहान कण शिरले पाहिजेत. १९६१ मध्ये आर. के. मॅकगिअरी यांनी दाखवलं, की लहान कण मोठ्याच्या सुमारे एक सप्तमांश असले की ते फटीत सहज शिरतात. आदर्श स्थितीत मोठ्यांचे ६४ टक्के, आणि उरलेल्या ३६ टक्क्यांत लहानांचे पुन्हा ६४ टक्के, म्हणजे एकूण ८७ टक्के. त्यांनी चार आकार मिसळून ९५ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती.

यंत्रात मात्र एवढं जमत नाही. फार बारीक कण एकमेकांना चिकटतात, ओघळत नाहीत, त्यात दमट हवेची भर. बारीक आणि जाड कण वेगळे होण्याचा धोका असतोच. म्हणून भुकटी वाळवायची, वायूच्या झोतात बनलेले गोल कण निवडायचे, थर पसरताना उलट्या दिशेने फिरणारा रोलर वापरायचा, भुकटीच्या टाकीला थरथर द्यायची. रोलर जास्त दाबला तर खालचे छापलेले थर सरकतात. बाइंडरचा थेंब जोरात पडला तर कण उडतात आणि ओळींमध्ये पोकळी राहते. बाइंडरमध्येच धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळून फटी भरण्याचे प्रयोगही झाले आहेत. ही कल्पना मला सगळ्यात देखणी वाटते, कारण बाकी सगळ्या उपायांत बाइंडर हा जळून जाणारा पाहुणा आहे, इथे तो काही ठेवून जातो.

छपाईनंतरचा उपाय म्हणजे ग्रीन पार्ट रबराच्या पिशवीत घालून द्रवाच्या दाबाखाली सगळीकडून दाबणं. सिरॅमिकच्या भागांवर याचा बराच अभ्यास झाला आहे. ठोकळ्यासारख्या वस्तूला तो मानवतो, पातळ भिंती आणि आतल्या पोकळ नळ्या असतील तर आकारच बिघडतो. मग छपाईचा फायदा काय राहिला?

शिवाय दाट ग्रीन पार्टची वेगळी कटकट असते. फटी अरुंद झाल्या की जळालेल्या बाइंडरचा वायू बाहेर पडायला वेळ लागतो. घाईने तापवलं तर तडा जातो.

आणि माझ्या मते खरी गोष्ट घनतेच्या आकड्यात नाहीच. ५५ टक्के सगळीकडे सारखे असतील, तर फाइलमधलं माप तेवढं मोठं करून छापता येतं आणि भट्टीतून नेमका भाग मिळतो. एका टोकाला ५४ आणि दुसऱ्याला ५८ असतील, तर सरासरी चांगली दिसेल, पण दोन टोकं वेगवेगळी आकसतील आणि भाग वाकेल. डायमध्ये दाबलेल्या उंच भागांनाही भिंतीच्या घर्षणामुळे हाच विकार होतो, म्हणून तिथे वरून आणि खालून असे दोन पंच लावतात. पुन्हा, सगळ्यांना दाट भाग हवाच असतो असंही नाही. तेल शोषून घेणाऱ्या सिंटर्ड बुशमध्ये पोकळी मुद्दाम ठेवतात, साधारण पाव भाग.

विदर्भातल्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय शिकवतात, त्यांना महागडं यंत्र घेण्याआधी एक सुचवायचं आहे. फनेल, २५ घन सेंटिमीटरचा कप आणि चांगला वजनकाटा, एवढ्यावर ओतलेल्या भुकटीची घनता काढता येते. मापनळीत ठोकून बसवलेली दुसरी घनता काढा आणि तिला पहिलीने भागा. उत्तर १.२५ च्या बरंच वर आलं, तर ती भुकटी नीट पसरणार नाही. पुरवठादाराने कितीही गुण गायले, तरी आधी हे दोन आकडे मागा.