मोटार-अपघातानंतर वकील करावा काय?

नसरापुराहून मार्गासनी-विंझरवरून वेल्ह्यास जाणारा रस्ता पावसाळ्यांत तोरणा-राजगड पाहावयास येणाऱ्या मोटारींनीं भरून जातो. भातलावणीची घाईही नेमकी त्याच दिवसांत असते. खाचरांतून चिखलाच्या पायांनीं वर येणारा शेतकरी, दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आणि शहरांतील भरधाव गाडी हीं एकाच अरुंद रस्त्यावर येतात. अपघात झाला म्हणजे दवाखान्याच्या ओट्यावरच सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, आधीं वकील गांठा. दुसरा म्हणतो, कोर्टाची पायरी चढूं नका, मिळेल तें पदरांत घ्या. यांतील कोणताही सल्ला सरसकट मानण्याजोगा नाहीं.

खरचटलें, चार दिवसांत बरें वाटलें, गाडीचा दिवा फुटला, एवढ्यासाठीं वकील करणें म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीस बारा आण्यांचा मसाला होय. ठोकर देऊन अज्ञात गाडी पळून गेली असेल तर सरकारी योजनेंतून मृत्यूस २ लाख आणि जबर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांजकडे कागदपत्रांसह आपला आपणच करतां येतो.

खरा प्रश्न उद्भवतो तो घरचा कर्ता गेला किंवा कायमचा अधू झाला म्हणजे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पोलिसांनीं अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि विमा कंपनीनें तीस दिवसांत तडजोडीची रक्कम सांगावयाची असते. हें ऐकून वकिलाचें कामच उरलें नाहीं असें वाटतें. परंतु मेख पुढें आहे. कलम १६४ प्रमाणें कोणाची चूक होती हें सिद्ध न करतां मृत्यूस ५ लाख आणि जबर दुखापतीस अडीच लाख मिळतात. मात्र ती रक्कम स्वीकारली कीं कलम १६६ खालील मोठा दावा संपुष्टांत येतो.

मोठा म्हणजे किती, तें पाहूं. समजा, अडतीस वर्षांचा शेतकरी दूध आणि टेंपो यांवर महिना १५ हजार मिळवीत होता. मागें पत्नी, दोन मुलें आणि वृद्ध आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणें भावी वाढीचे शेंकडा ४० मिळवून २ लाख ५२ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा जातां उरले १ लाख ८९ हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालांत या वयास १५ चा गुणक आहे, म्हणजे २८ लाख ३५ हजार. वकिलाची फी वांचली आणि तेवीस लाखांवर पाणी पडलें, असा हा हिशेब. अर्थात् येथें समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते, आणि मृताचीही चूक निघाल्यास तेवढ्या प्रमाणांत रक्कम घटते.

आपल्या धंद्यास आणखी एक अडचण आहे, ती नोकरदारास नाहीं. जमीन तर वारसांकडेच राहिली, मग उत्पन्न बुडालें कोठें, असा सवाल विमा कंपनी करते. जसबीर कौर प्रकरणीं २००३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही जमीन कुटुंबाकडे राहते हें लक्षांत घेतलें. पण शेती पाहावयास आतां माणूस ठेवावा लागेल, हेंही मानलें. म्हणजे नुकसान मोजावयाचें तें देखरेखीचें आणि कष्टांचें. तें सातबाऱ्यावरून दिसत नाहीं. दूध संस्थेचें पुस्तक, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचें पासबुक, मजुरीच्या नोंदी हीं जपलीं असलीं तरच वकिलास हातीं कांहीं लागतें.

वकील करतांना फी आकड्यांत ठरवावी. भरपाईंतील हिस्सा फी म्हणून ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. तेव्हां दवाखान्यांत येऊन 'अर्धे-अर्धे' म्हणणाऱ्या मध्यस्थास दुरूनच नमस्कार करावा. कोऱ्या कागदावर सही करूं नये. विधवेस तर उत्पन्नाची अट न लागतां जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १९८७ चा कायदा स्त्रियांस तो हक्क देतो. लोक अदालतींतील तडजोडीवर अपील नाहीं, म्हणून तेथें बसण्यापूर्वीं वरील हिशेब करून न्यावा. अर्जास १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेस न्यायालयांत आव्हान दिलेलें असलें तरी त्या भरंवशावर तेराव्यानंतरचे महिने घालवूं नयेत.

हें झालें दावेदाराचें. आपण प्रतिवादीही होऊं शकतों. शेतीकामासाठीं विमा उतरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत लग्नाचें वऱ्हाड बसविलें आणि ती उलटली, तर विमा कंपनी हात झटकते आणि सारी भरपाई मालकाच्या अंगावर येऊं शकते. अशा वेळीं न्यायाधिकरणाची नोटीस आली असतां वकिलाकडे त्याच आठवड्यांत जावें; हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी होतो.