पावसाळ्यात बंगला विकला जात नाही?

मे महिना सरत आला की लोणावळा, कर्जत, अलिबाग, महाबळेश्वर या पट्ट्यात सुट्टीचं घर विकायला काढलेली माणसं एकाएकी थांबतात. गेटवरची पाटी उतरते, जाहिरात काढून घेतली जाते आणि एजंटला निरोप जातो, "आता दिवाळीनंतर बघू." कारण विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर मिळतं. पावसाळ्यात असं घर विकलं जात नाही, आणि विकलंच तर पडत्या भावात द्यावं लागतं. शेजारी हे सांगतात, नातेवाईक सांगतात, कित्येकदा एजंटही सांगतात. इतक्या खात्रीने सांगतात की तपासून बघायची गरज कुणाला वाटत नाही. या समजुतीपायी दरवर्षी चार-पाच महिने हातचे जातात. म्हणून ती एकदा नीट तपासू.

पहिली गफलत हंगामाबद्दलच आहे. सुट्टीच्या ठिकाणचा हंगाम हॉटेलवाल्यांनी ठरवलेला असतो. हॉटेलची खोली आज रात्रीपुरती विकायची असते. आज गिऱ्हाईक आलं नाही तर आजचं भाडं बुडालं. त्यामुळे जुलैत खोल्यांचे दर उतरतात. घर घेणारा माणूस पुढच्या वीस वर्षांचा विचार करून येतो. खोलीचं भाडं उतरलं म्हणून घराची किंमत उतरते, हा निष्कर्ष कुठल्याच हिशेबात बसत नाही.

शिवाय सगळीकडे पावसाळा हा मंदीचा काळ आहे, हेही खरं नाही. लोणावळ्यात सर्वाधिक गर्दी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी असते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये शुकशुकाट असतो. माथेरानची नेरळहून वर जाणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉजपासूनची शटल चालू राहते. अलिबागकडे जाणारी गेटवे-मांडवा बोट पावसात बंद असते म्हणून तिकडची घरं बघायला कुणी येत नाही, असं अजूनही ऐकू येतं. पण मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, ती हवामान बघून पावसाळ्यातही सुटते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. अलिबाग जूनपासून मुंबईपासून तुटतं, ही जुन्या काळची गोष्ट झाली.

उलट्या बाजूचा एक समज परदेशातून आला आहे. 'थंडीत घरं खपत नाहीत' हा सल्ला इंटरनेटवर वाचून काही जण इथेही लावू पाहतात. अमेरिकेत बर्फ आणि शाळांचं वर्ष यामुळे घरांचे व्यवहार वसंत-उन्हाळ्यात वाढतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच फिरण्याचा काळ. तिथला नियम इथे लागूच होत नाही.

आता मुख्य मुद्दा. घर विकणं ही एका दिवसाची घटना नाही. गिऱ्हाईक घर बघतं, घरच्यांना घेऊन पुन्हा येतं, मग भावाची बोलणी होतात. त्यानंतर त्याचा वकील तीस वर्षांचा सर्च घेतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटी असेल तर तिचा ना हरकत दाखला, एकेक कागद मागितला जातो. कर्ज असेल तर बँक स्वतःचा मूल्यांकनकार पाठवते. एखाद्या फेरफारात वारसाचं नाव राहिलं असेल, तर तलाठी कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. यात दोन-तीन महिने सहज जातात. जुलैत घर बघितलेलं गिऱ्हाईक दसरा-दिवाळीला ताबा घेतं. दिवाळीनंतर पाटी लावणाऱ्याचं खरेदीखत व्हायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. म्हणजे ज्या हंगामासाठी थांबायचं, तो कागद गोळा करण्यातच संपतो.

दिवाळी-नाताळाच्या सुट्ट्यांत घर दाखवणंही अवघड जातं. बरेच मालक तेव्हा घर पर्यटकांना भाड्याने देतात. गिऱ्हाईक शनिवारी यायचं म्हणतं तेव्हा आत दुसऱ्याच कुणाचं कुटुंब उतरलेलं असतं. जुलैतल्या बुधवारी तेच घर रिकामं असतं आणि बघणाऱ्याला घाई नसते. पावसात घर बघायला येणारे लोक कमी असतात, हे मान्य. पण खंडाळ्याचा घाट चढून, भर पावसात, छत्री घेऊन जो येतो तो वेळ घालवायला आलेला नसतो. त्याला घर घ्यायचं असतं.

या समजुतीच्या मुळाशी खरी भीती वेगळीच आहे: ओल दिसेल. यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

पावसातली प्रत्येक ओल सारखी नसते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर झोड बसते. त्या भिंतीवर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर बहुधा सज्जाचा उतार किंवा चौकटीच्या फटी दोषी असतात. काम छोटं असतं. छताच्या मध्यभागी किंवा तुळईच्या कडेने गोल डाग पसरत असेल तर वरचा कोबा तडकलेला असू शकतो. जमिनीपासून वर कमरेपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी पायातून चढतंय. हे दुखणं जुनं असतं आणि खर्चिकही. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो, त्याची उघडी भिंत पावसात काळवंडते. ती गळते आहे असं लगेच समजू नये. आणि चार महिने कुलूप लावून ठेवलेल्या कुठल्याही घरात कुबट वास येतो आणि गाद्यांना बुरशी धरते. तो दोष न उघडलेल्या खिडक्यांचा आहे. माळ्याला आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडायला सांगा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, संततधार चालू असताना, गिऱ्हाईक तुमच्या दिवाणखान्यात उभं आहे. वर बघतं तर छत कोरडं आहे. पश्चिमेच्या भिंतीवरून हात फिरवतं, तर हाताला गार लागतं पण ओलं नाही. अंगणातलं पाणी गटारातून सरळ खाली जातंय, पायरीशी तुंबलेलं नाही. या घराला दुसरी कुठली जाहिरात लागत नाही. असं घर दाखवणाऱ्याने भाव उतरवायचं कारणच काय? आणि हेच घर जानेवारीत दाखवलं, तर प्रत्येक समजूतदार गिऱ्हाईक विचारणारच, "पावसात गळतं का?" त्यावर तुमच्या शब्दापलीकडे तुमच्या हातात काही पुरावा नसतो.

डोंगरउतारावरच्या घरांबाबत तर हा प्रश्न जिवाचा आहे. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. तिन्ही जुलैतल्या घटना. घराच्या मागचा उतार, ओढ्याची वाट, संरक्षक भिंतीतून पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या वाहतात की बुजल्या आहेत, हे सगळं पावसातच कळतं. घेणाऱ्याने ते बघूनच घ्यावं, आणि विकणाऱ्याने ते दाखवावं.

राहिला तो उपाय, जो सर्रास सुचवला जातो: दिवाळीत रंग काढू, मग दाखवू. हे थांबायला हवं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. तो लपवणं हे कायद्याच्या भाषेत कपट ठरतं. गळणाऱ्या छताखाली पीओपीचं नवं छत ठोकून घर विकलेला मालक पुढच्या जूनमध्ये वकिलाची नोटीस घेऊन बसतो. आणि जाणकार गिऱ्हाईक एवढं भोळं नसतं. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की ते आधी त्याच भिंतीशी जातं.

मग घर खरंच गळत असेल तर? तेव्हा मात्र थांबावं, पण हातावर हात ठेवून नाही. गळती कुठून आहे हे पावसातच कळतं, आणि वॉटरप्रूफिंगचं काम कोरड्या दिवसांत नीट होतं. या पावसात फोटो काढून जागा निश्चित करा, पाऊस संपल्यावर काम करून घ्या, गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्या, बिल आणि हमीपत्र जपून ठेवा. पुढच्या गिऱ्हाईकाला ते दोन कागद दाखवा. नवी इमारत असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर बांधकामातला दोष कळवल्यावर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. तो हक्क वापरा, मग विका.

चातुर्मासाचंही बघू. 'देवशयनी झाली, आता व्यवहार नको' असं म्हणणाऱ्यांनी आपलंच पंचांग उघडावं. चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा हा पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे दीड मुहूर्त याच चार महिन्यांत येतात. श्रद्धा असेल तर आषाढात बोलणी, श्रावणात कागद आणि दसऱ्याला सही असा क्रम धरा. दसऱ्याला नोंदणी कार्यालय बंद असलं तरी अडत नाही. मुद्रांक शुल्क वेळेत भरलेलं असेल तर सहीनंतर चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो.

व्यवहार खरोखर कशामुळे हलतात, हे २०२० ने दाखवलं आहे. त्या वर्षी ऑगस्टअखेर, भर पावसाळ्यात, राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची कपात जाहीर केली. ती सप्टेंबर ते डिसेंबर होती, पुढचे तीन महिने दोन टक्क्यांची. दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी उसळली. लोक आभाळाकडे बघून थांबले नाहीत. त्यांनी खर्चाचा हिशेब केला.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"मंदीत कागदावर कमी भाव दाखवला तर चालतं." चालत नाही. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी मूल्याचे, दर १ एप्रिलपासून वर्षभरासाठी लागू होतात, पावसाळ्याची सूट त्यात नसते. सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल, तर भांडवली नफा सरकारी मूल्यावरच मोजला जातो.

"दुसरं घर विकलं की करसवलत नाही." चूक. चोवीस महिन्यांहून जास्त काळ असलेलं कुठलंही निवासी घर विकून, नफ्यातून ठरलेल्या मुदतीत भारतात घर घेतलं तर सवलत मिळते. घर पहिलं की दुसरं, असा भेद त्यात नाही. मोकळा प्लॉट विकला तर मात्र अटी वेगळ्या.

"डिसेंबरात एनआरआय येतात, फार्महाऊस त्यांनाच विकू." 'फेमा' कायद्यानुसार अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात एरवीही शेतकरी नसलेल्याला ती सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक अडतंय ते इथे.

"सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मालकी पक्की." सातबारा ही महसुली नोंद आहे, फेरफाराने मालकी हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे.

"नोटरी आणि मुखत्यारपत्रावर उरकून टाकू." सर्वोच्च न्यायालयाच्याच २०११ च्या सूरज लॅम्प निकालानंतर याबद्दल शंका उरायला नको. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते.

"मुलगा परदेशात आहे, घर त्याच्या नावावर आहे, ऐनवेळी बघू." अनिवासी विक्रेत्याची करकपात निवासी विक्रेत्यासारखी एक टक्क्याची नसते, बरीच जास्त असते, आणि कमी कपातीचा दाखला मिळायला वेळ लागतो. तो अर्ज आधी करा.

सुट्टीचं घर अडून राहतं ते अपुऱ्या कागदांमुळे, लपवलेल्या गळतीमुळे आणि शेतीच्या जमिनीवरच्या बांधकामामुळे. यातलं काहीही दिवाळी आली म्हणून आपोआप सुटत नाही. उलट थांबलेल्या प्रत्येक महिन्याला माळ्याचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स आणि विजेचा स्थिर आकार भरावाच लागतो. तेव्हा घर कोरडं असेल आणि कागद जागेवर असतील तर पाटी आषाढातच लावा. कागद अपुरे असतील तर हे चार महिने त्यांच्यासाठी वापरा. आणि घर गळत असेल तर ते गिऱ्हाईकाला स्वतःहून सांगा.