दामदुपट आणि वीस वर्षांचा हप्ता

सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्रातून आला. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ब्रिटिश अमदानीतही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. पण हे बंधन थकलेल्या व्याजावर होते. वेळच्या वेळी भरल्या जाणाऱ्या व्याजाला त्याने कधी अडवले नाही. म्हणूनच आजच्या गृहकर्जाचे एकूण व्याज मुद्दलाला मागे टाकते आणि कोणाला त्यात वावगे दिसत नाही.

सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्या कुटुंबाने फ्लॅटसाठी ३० लाखांचे कर्ज घेतले असे धरू. दर ९ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता सुमारे २६,९९२ रुपये. पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये व्याजातच जातात. दर तोच राहिला तर एकूण व्याज पावणेपस्तीस लाखांवर जाते. पाच वर्षांत सोळा लाखांहून अधिक भरूनही मुद्दल उरते २६ लाख ६१ हजार.

अशा वेळी दुसरी बँक सव्वाआठ टक्क्यांनी कर्ज उचलायला तयार होते. नवी मुदत पुन्हा २० वर्षे घेतली, तर हप्ता २२,६७५ वर येतो आणि घरात समाधान पसरते. प्रत्यक्षात जुन्या कर्जाच्या उरलेल्या व्याजापेक्षा सुमारे पावणेसहा लाख जास्त जातात. दर उतरला, पण मुदतीने तो फायदा गिळला. हप्ता जुनाच ठेवला, तर १८० ऐवजी १६६ हप्त्यांत कर्ज फिटते. त्यात दरमहा पाच हजारांची भर घातली, तर १२४ हप्ते पुरतात. मात्र प्रक्रिया शुल्क आणि गहाणखताचा नवा मुद्रांक हा खर्च बचतीतून वजा करूनच निर्णय घ्यावा.

जास्तीची रक्कम भरण्याची वाट आता मोकळी आहे. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बँकांना मनाई केली. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबत गेली. त्यानंतर १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारणे बंधनकारक केले. हा प्रश्न आला की झेपेल तेवढा हप्ता वाढवावा. मोठी रक्कम भरतानाही ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असे लेखी कळवावे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई ऋणकोला मिळते. दामदुपटीने ऋणकोला वाचवले ते न्यायालयात; हप्त्याच्या युगात ते काम घरातल्या वहीला करावे लागते.